पाणी गाळत बसलेला प्राणी



गुजराती माध्यमात शिकणाऱ्या आपल्या घरातल्या मुलांना विचारा, स्पंजला गुजरातीत काय म्हणतात? उत्तर येईल, ‘वादळी’. मराठीत वादळी म्हणजे तुफानी. आणि हा प्राणी तर असा की एकदा बूड टेकलं की शक्यतो आयुष्यभर जागा सोडत नाही. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या मुलांना अशा गमती रोजच भेटतात. पण खरी गंमत पुढे आहे. ‘वादळी’ हा प्राणी आहे, असं सांगितलं की निम्मी मुलं मान्यच करत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर बेसिनजवळचा पिवळा-हिरवा चौकोनी तुकडा असतो. तो प्राणी कसा असेल?

तो नाहीच. भांडी घासायचा स्पंज हा कारखान्यात फुगवलेल्या प्लॅस्टिकचा असतो. आजी अंग घासायला जी खरखरीत जाळी वापरायची ती वाळलेल्या घोसाळ्याची, म्हणजे इथल्या बाजारातल्या ‘गलकां’ची. ती वनस्पती. खरा स्पंज तिसराच. तो समुद्राच्या तळाशी, खडकावर, प्रवाळावर, दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून राहतो. भूमध्य समुद्रातल्या काही मऊ जातींचे सांगाडे माणूस हजारो वर्षं आंघोळीसाठी वापरत आला. त्यांचंच नाव पुढे प्लॅस्टिकच्या तुकड्याला मिळालं.

जगात स्पंजाच्या नऊ हजारांहून जास्त जातींची नोंद आहे. मराठी शाळेच्या पुस्तकात यांना ‘रंध्रीय प्राणी’ म्हणतात, गुजराती पुस्तकात ‘सछिद्र’. दोन्हीचा अर्थ एकच, अंगाला भोकं असलेले. परीक्षेत एका मार्काला येणारा हा प्राणी आज या सदरात घेतोय, कारण त्याचा आपल्या गुजरातच्या किनाऱ्याशी, एका मराठी राजाशी आणि माझ्या घरातल्या एका फाईलशी संबंध आहे. एकेक करून सांगतो.

बोटाएवढा पंप

सचिनच्या जीआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांना ‘फिल्टर’ हा शब्द नवीन नाही. डाइंग मिलमध्ये काम करणारे काका, मामा प्रत्येक घरात आहेत. पाणी आत घ्यायचं, वापरायचं, गाळायचं, बाहेर सोडायचं आणि त्यासाठी पंप, पाइप, टाक्या, वीज लागते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्पंज नेमकं हेच करतो, विजेशिवाय.

त्याच्या अंगावर असंख्य बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी आत शिरतं, नळ्यांच्या जाळ्यातून जातं आणि सूक्ष्म खोल्यांमध्ये पोचतं. या खोल्यांच्या भिंतींवर खास पेशी असतात. प्रत्येक पेशीला एक चाबकासारखा केस आणि त्या केसाभोवती बारीक जाळीची कॉलर. केस सतत हलत राहतो, त्यामुळे पाणी पुढे ढकललं जातं आणि जिवाणूंएवढे बारीक कण कॉलरला अडकतात. ते कण म्हणजे त्याचं जेवण. गाळलेलं पाणी मग वरच्या एका मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. आपल्याला जे तोंड वाटतं ते खरं म्हणजे बाहेर जायचा दरवाजा असतो.

प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत ल्यूकोनिया नावाच्या एका छोट्या स्पंजाचं उदाहरण असतं. उंची १० सेंटिमीटर, जाडी १ सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या बोटाएवढा. तो दिवसाला सुमारे २२.५ लिटर पाणी गाळतो. मी गणित करून पाहिलं. एवढ्या नळकांड्याचं आकारमान भरतं ८ मिलिलिटरहून थोडं कमी. म्हणजे तो रोज आपल्या आकाराच्या २,८०० पटींहून जास्त पाणी अंगातून फिरवतो. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी हा बोटाएवढा जीव दीड महिन्यात गाळून मोकळा होईल. सगळ्या जाती इतकं गाळत नाहीत आणि मध्येमध्ये काही जण पंप बंदही ठेवतात, पण अंदाज यावा म्हणून हा आकडा.

इंजिनिअरिंगला असताना द्रवगतिकीचा एक नियम घोकला होता. पाण्याची वाट रुंद झाली की वेग कमी होतो, अरुंद झाली की वाढतो. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तोच नियम. स्पंजाची अख्खी रचना यावर उभी आहे. ल्यूकोनियाच्या अंगात वीस लाखांहून जास्त खोल्या असतात. एकेक खोली सूक्ष्म, पण सगळ्यांची मिळून रुंदी प्रचंड. त्यामुळे तिथे पाणी अगदी रेंगाळतं आणि कण पकडायला वेळ मिळतो. बाहेरचं तोंड मात्र एकच आणि अरुंद. तिथून पाणी सेकंदाला साधारण ८.५ सेंटिमीटर वेगाने बाहेर फेकलं जातं, तर आत शिरताना हाच वेग सेकंदाला जेमतेम १ मिलिमीटर असतो. उष्टं पाणी लांब फेकलं गेलं पाहिजे, नाहीतर तेच परत आत येणार. मिलमधल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं चालवायला मेंदू? नाही. हृदय, पोट, स्नायू, मज्जातंतू? काही नाही. आधारासाठी अंगात काचेचे किंवा चुन्याचे सूक्ष्म काटे असतात, त्यांना कंटिका म्हणतात. काही जातींत काट्यांबरोबर किंवा काट्यांऐवजी लवचिक तंतू असतात. बाकी सगळा कारभार पेशींनी आपसांत वाटून घेतलेला.

१९०७ मध्ये अमेरिकेतल्या एच. व्ही. विल्सन या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला, तो सुरतकरांना जास्त आवडेल, कारण त्यात कापड आहे. त्याने जिवंत स्पंज बारीक विणीच्या कापडातून पिळून काढला. खाली पाण्यात सुट्ट्या पेशींचा गढूळ थर पडला. मेला, असं कोणीही म्हणालं असतं. पण त्या पेशी सरकत सरकत एकमेकींना चिकटल्या, त्यांचे गोळे झाले आणि त्या गोळ्यांतून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडला तरी यंत्रणा आपोआप उभी राहावी म्हणून रात्री जागवतो. इथे एका साध्या जीवाने ते कधीच जमवून ठेवलंय.

डुमसला का दिसत नाही?

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्यातल्या बहुतेकांचं मूळ गाव खानदेशात, समुद्रापासून लांब. समुद्र म्हणजे रविवारी डुमसला जायचं, काळ्या वाळूत पोरांना पळवायचं, टोमॅटोची भजी खायची आणि अंधार पडायच्या आत सचिनला परत. वर्षानुवर्षं डुमसला जाऊनही स्पंज पाहिलेला माणूस मला भेटला नाही. त्याला कारण आहे.

स्पंजाचं जगणं छिद्रांवर आणि छिद्रांचा शत्रू म्हणजे गाळ. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्या खंबातच्या आखातात आणि त्याच्या तोंडाशी वर्षानुवर्षं माती आणून टाकतात. त्यात इथली भरती-ओहोटी देशातली सगळ्यात मोठी. भावनगरच्या बाजूला भरती आणि ओहोटी यांतला फरक १० मीटरच्याही वर जातो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होतं आणि तळाचा गाळ पुन्हा पुन्हा वर घुसळून काढतं. डुमसचं पाणी चहासारखं दिसतं ते त्यामुळे. त्यात मोठ्या, रंगीत स्पंजाला टिकायला ना घट्ट खडक, ना मोकळं पाणी.

थोडाफार गाळ स्पंज सहन करतो. काही जाती तर चक्क शिंकतात! २०२२ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या नळीच्या आकाराच्या एका स्पंजाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अडकलेला कचरा तो चिकट स्रावात गुंडाळतो, तो स्राव पाण्याच्या प्रवाहाच्या उलट दिशेने हळूहळू छिद्रांतून बाहेर आणतो आणि मग अंग आकसून तो झटकून टाकतो. आपली शिंक क्षणात होते, त्याच्या एका शिंकेला कितीतरी मिनिटं लागतात. बाहेर पडलेला तो शेंबूड आसपासचे छोटे जीव खातात. पण शिंकून शिंकून किती शिंकणार? गाळ थांबलाच नाही तर छिद्रं बुजतात, पंप बंद पडतो आणि जागा सोडून जायची सोय तर नाहीच.

तरीही आपल्या बाजूला त्याच्या खुणा शोधता येतात. तिथल, उभराट किंवा दांडीच्या किनाऱ्यावर शिंपले गोळा करताना नीट बघा. काही जाड शिंपल्यांवर चाळणीसारखी बारीक बारीक भोकं असतात. ती बहुधा क्लिओना नावाच्या स्पंजाची करामत. याचं पिल्लू शिंपल्यावर बसतं आणि चुन्याचे सूक्ष्म कपचे काढत आत घर पोखरतं. शिंपल्याला एकच गोल, सुबक भोक दिसलं तर ते मात्र स्पंजाचं नाही. ते शिकारी गोगलगायीने शिंपल्यातला जीव खाण्यासाठी पाडलेलं असतं. मुलांना हा फरक एकदा सांगून ठेवा, पुढच्या वेळी ती तुम्हाला तासभर किनाऱ्यावरून हलू देणार नाहीत.

जामनगरच्या पलीकडे

अख्खा जिवंत स्पंज बघायचा तर कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठाला जावं लागतं. त्या आखातात मोठी बारमाही नदी येऊन मिळत नाही. जामनगर ते ओखा या पट्ट्यात खडक आहे, प्रवाळ आहे, बेटं आहेत. १९८० मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं आणि १९८२ मध्ये त्यातल्या भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हे भारतातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथे स्पंजाच्या सुमारे ७० जातींची नोंद असल्याचं सांगितलं जातं.

वाडीनारजवळच्या नरारा इथे ओहोटीच्या वेळी समुद्राचा तळ उघडा पडतो आणि वनखात्याची परवानगी घेऊन, वाटाड्याबरोबर त्यावरून चालत जाता येतं. पाणबुड्याचा पोशाख नको, पोहायला यायला नको. घोट्यापर्यंतच्या पाण्यात जुने बूट घालून चालायचं. आम्ही दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गेलो होतो. गर्दी अर्थातच फुगणारा मासा, खेकडे आणि ऑक्टोपसभोवती. मी वाटाड्याला म्हटलं, “भाई, वादळी दाखवा.” तो हसला. म्हणाला, “साहेब, ती तर तुमच्या पायाशीच आहे.”

खरंच होती. एका दगडाच्या सावलीतल्या बाजूला कोणीतरी केशरी रंगाचा पातळ थर फासावा तशी. तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. शेजारी करड्या रंगाचा एक गोळा, सुकत चाललेल्या पिठासारखा. मी एरवी त्यावरून पुढे गेलो असतो. ओहोटी असली की हे जीव छिद्रं आवळून, दगडाखालच्या ओलाव्याच्या भरवशावर भरतीची वाट बघतात. म्हणून ते नेहमी सावलीच्या बाजूला. वाटाड्याने एक दगड हलकेच उचलला, खालचं जग दाखवलं आणि जसा होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवला. “उलटा राहिला तर उन्हात सगळं मरून जातं,” एवढंच म्हणाला.

स्पंजाच्या आयुष्यात प्रवास असतो तो एकदाच, बालपणी. नर स्पंज किंवा उभयलिंगी स्पंज पाण्यात शुक्रपेशी सोडतो, कधीकधी तर वरच्या तोंडातून धूर निघावा तशा. दुसरा स्पंज नेहमीच्या गाळण्यातूनच त्या पकडतो. अंड्यातून तयार झालेलं सूक्ष्म पिल्लू काही तास ते काही दिवस पोहतं, पसंतीची जागा शोधतं आणि तिथे चिकटतं. मग संपला प्रवास. पुढे पाणी चांगलं आलं तर चांगलं, वाईट आलं तर वाईट. तिथे उभा असताना मला वाटलं, नोकरीसाठी खानदेशातून इथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या वडलांच्या पिढीला हे सहज समजेल.

सयाजीरावांची यादी

आता मराठी राजाची गोष्ट. द्वारका आणि ओखा ज्या भागात येतात तो ओखामंडळ प्रदेश तेव्हा बडोदा संस्थानात होता. गादीवर होते सयाजीराव गायकवाड तिसरे, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी जन्मलेले आणि १८७५ मध्ये दत्तक घेऊन बडोद्याला आणलेले. सयाजीरावांची ग्रंथालयं, सक्तीचं प्राथमिक शिक्षण, डॉ. आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती हे आपण मंडळाच्या भाषणांत ऐकतो. त्यांच्या राज्याने समुद्रातले जीवही मोजून घेतले, हे फारसं कोणी सांगत नाही.

१९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाने ओखामंडळच्या किनाऱ्यावर प्राणी गोळा केले. बडोदा सरकारला सादर झालेला त्याचा अहवाल दोन भागांत छापला गेला, १९०९ आणि १९१६ मध्ये. एका माणसाला सगळ्या जीवांची ओळख पटणं शक्य नव्हतं. म्हणून गोळा केलेले नमुने त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांकडे गेले. स्पंज गेले लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या आर्थर डेंडी यांच्याकडे. स्पंजाची जात नुसत्या रंगावरून किंवा आकारावरून ठरत नाही. त्याच्या कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. कोणाच्या सुईसारख्या, कोणाच्या ताऱ्यासारख्या, कोणाच्या नांगरासारख्या. डेंडी यांनी हे किचकट काम पूर्ण केलं आणि १९१६ च्या भागात ओखामंडळच्या स्पंजांची वर्णनं छापून आली. जगात पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं आणि गुजरातच्या टोकावरच्या दगडाखालच्या जीवांची नावं लागत होती.

याच्याही आधी असंच काम मुंबईत झालं होतं. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. मुंबईच्या तलावांत त्याला गोड्या पाण्यातले स्पंज सापडले. हो, गोड्या पाण्यातही थोड्या जाती राहतात. स्पंज वनस्पती की प्राणी, हा वाद तेव्हा अजून पुरता मिटला नव्हता. कार्टरने मुंबईच्या तलावांतल्या स्पंजांवर १८४८ आणि १८४९ मध्ये निबंध प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात तलाव आटला की हे स्पंज मरतात, पण मागे बियांसारखे कडक कवचाचे दाणे सोडून जातात. पावसाळ्यात पाणी आलं की दाण्यांतून पेशी बाहेर पडतात आणि नवा स्पंज उभा राहतो. त्यातल्या एका जातीला १८६३ मध्ये कार्टरचंच नाव मिळालं, आज तिला युनापियस कार्टेरी म्हणतात. ही जात भारतात बऱ्याच ठिकाणी सापडते. गावाकडच्या एखाद्या धरणात बुडालेल्या फांदीवर करडा-हिरवट, खरखरीत गोळा दिसला तर शेवाळ म्हणून सोडून देऊ नका.

फाईलवरचं नाव

आता घरची गोष्ट. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांच्या काळात ताई आणि तो महिनोन् महिने हॉस्पिटलात असायचे. शनिवार-रविवार मी सोबतीला जायचो. त्याच्या फाईलवर औषधांची लांबलचक यादी असायची आणि वेळ जावा म्हणून मी एकेक नाव मोबाईलवर शोधत बसायचो. त्यात एक नाव होतं, सायटाराबिन.

या औषधाची सुरुवात स्पंजातून झाली आहे. १९५० च्या आसपास वर्नर बर्गमन आणि त्याच्या सहकाऱ्याने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या एका स्पंजातून काही विचित्र रेणू वेगळे काढले. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना जे सुटे भाग वापरतात, त्यांच्यासारखेच हे रेणू, फक्त त्यांतली साखर वेगळी. त्या धर्तीवर प्रयोगशाळेत सायटाराबिन तयार झालं. झपाट्याने वाढणारी कर्करोगाची पेशी तो भाग खरा समजून वापरते आणि तिची नक्कल अडकते. आमच्या भाषेत सांगायचं तर दिसायला बरोबर पण प्रकार चुकीचा असलेला डेटा आत गेला आणि प्रोग्रॅम थांबला. १९६९ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. आजही ते रक्ताच्या कर्करोगावर दिलं जातं आणि ते कारखान्यात बनतं, त्यासाठी स्पंज मारावे लागत नाहीत. स्तनाच्या कर्करोगावरचं एरिब्युलिन हे औषधही असंच. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये एका स्पंजातल्या रेणूची माहिती प्रसिद्ध केली, त्याच्या आधारावर ते बनलं आणि २०१० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

स्पंजात असे रेणू का सापडतात? पळता येत नाही, चावता येत नाही, लपता येत नाही. मासे खायला येतात, शेजारचा प्रवाळ अंगावर चढतो, पाण्यातून रोज लाखो जिवाणू आत येतात. मग बचावाला उरतं ते रसायन. काही रेणू स्पंज स्वतः बनवतो, काही त्याच्या अंगात वस्तीला असलेले जिवाणू बनवून देतात.

“मामा, हे औषध कशाचं आहे?” असं भाच्याने विचारलं तेव्हा मी त्याला स्पंजाचं चित्र दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “याला तर डोळेपण नाहीत.” आज तो पाचवीत आहे. एका औषधाने तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. औषधं अनेक होती, डॉक्टर आणि नर्स होत्या आणि त्याची आई होती. पण त्या यादीतलं एक नाव समुद्राच्या तळावरून आलं होतं, हे मी विसरू शकत नाही.

जुना लॉग

आमच्या कामात एखादी चूक कधीपासून सुरू झाली हे शोधायचं असेल तर जुने लॉग लागतात. काल काय चालत होतं याची नोंदच नसेल तर आज काय बिघडलं ते कळणार कसं? १९१६ ची ओखामंडळची यादी हा माझ्या दृष्टीने असाच एक जुना लॉग आहे. कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावर आज बंदरं आहेत, तेलवाहू जहाजांचे धक्के आहेत, मिठागरं आहेत. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या नोकऱ्या अशाच उद्योगांवर चालतात, माझीही एका परीने त्यातलीच. म्हणून उद्योग नकोत असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण बंदरासाठी तळ खोदला की गाळ उठतो आणि गाळाचं स्पंजाशी काय नातं आहे ते आपण वर पाहिलं. कोणता जीव होता, कुठे होता, अजून आहे का, हे तपासायला कुणाच्या तरी हातात यादी असावी लागते. ती शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाच्या राज्यात तयार झाली. पुढची कोण करणार?

तज्ज्ञ करतील, करतही आहेत. पण मदत आपल्यालाही करता येते. शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी तीन सोप्या गोष्टी सांगतो.

पहिली, किनाऱ्यावर गेलात की जीवांचे फोटो काढा, तारीख आणि ठिकाण लिहा आणि आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाका. नाव माहीत नसलं तरी चालतं, जगभरातले जाणकार ओळखायला मदत करतात. डुमसची भोकं पडलेली शिंपलीसुद्धा नोंद म्हणून चालते.

दुसरी, जिवंत स्पंजाला हात लावू नका आणि आठवण म्हणून घरी आणू नका. काही जातींचे काचेचे काटे बोटात घुसतात आणि दिवसभर आग होते. शिवाय संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलणं हा गुन्हा आहे. आणि घरी आणलेला स्पंज दुसऱ्याच दिवशी असा वास मारतो की आई तुम्हालाच बाहेर काढेल.

तिसरी, दगड उलटवला तर तो होता तसा परत ठेवा. हे सगळ्यात सोपं आहे आणि सगळ्यात जास्त लोक हेच विसरतात.

या हिवाळ्यात मंडळातर्फे नराराची सहल काढावी, असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. रात्री सुरतहून सौराष्ट्र मेलने निघायचं, जामनगरला उतरायचं, ओहोटीची वेळ साधून चार तास चालायचं. परवानगी, वाटाडे आणि ओहोटीचं वेळापत्रक बघायची जबाबदारी मी घेतो. आजी-आजोबांना जमेल का, असं काही जणांनी विचारलं. किनाऱ्याजवळच्या भागापर्यंत सावकाश नक्की जमेल, घसरणार नाहीत असे बूट तेवढे हवेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर नाव आणि मुलांची वयं कळवा, म्हणजे त्याप्रमाणे गट पाडता येतील. येताना मुलांना एक वही द्या. पहिल्या पानावर तारीख, ठिकाण, ओहोटीची वेळ आणि दिसलेल्या पहिल्या वादळीचा रंग लिहायचा.

भेटू पुढच्या महिन्यात.